बोट डावीकडे का कलत होती

बाबांनी बोटीत पाय ठेवला आणि बोट त्यांच्याकडे झुकली. फार नाही झुकली, पण गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ महिने झालेल्या माणसाला तेवढंही पुरतं. त्यांनी कठडा घट्ट धरला. दुसरा पाय अजून जेट्टीवरच होता आणि मधली फट वाढत चालली होती. मी आणि मेहुण्याने दोन्हीकडून धरून त्यांना परत वर घेतलं. ते रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. बांधावर बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी इथे बसतो."

ही गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. खरं तर बोट घेतली होती ती त्यांच्यासाठीच. तीस वर्षं गोदीत क्रेन चालवताना समोर घारापुरी दिसायची, पण तिथे निवांत जाणं कधी झालं नाही, असं ते नेहमी सांगायचे. म्हणून मी आणि मेहुण्याने मिळून ही जुनी बोट घेतली. बावीस फूट लांब, आठ फूट रुंद, फायबरची. पुढे छोटी केबिन, तिच्यात नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, निमुळता होत गेलेला झोपायचा बाक, डावीकडे ओटा आणि फ्रिज, उजवीकडे स्टिअरिंग, मागे ११५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. एरवी ती तुर्भ्याला माझ्या वर्कशॉपमध्ये ट्रेलरवर असते. बेलापूरला दिवाळे कोळीवाड्याच्या बाजूने, पाणी चढलेलं असताना ट्रेलर मागे घालून आम्ही ती खाडीत सोडतो.

बोट रिकामी असतानाही डावीकडे कललेली दिसायची. आम्ही दोघांनी ते पाहिलं होतं आणि मनावर घेतलं नव्हतं. बाबा बांधावर बसून राहिले, त्या दिवशी ते मनावर घेतलं.

सुरुवात मात्र चुकीच्या टोकाकडून झाली. एका ओळखीच्या फिटरने सांगितलं, ट्रिम टॅब लावून घ्या, बोट सरळ होईल. ट्रिम टॅब म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला खालच्या कडेवर बिजागरीने बसवलेल्या दोन धातूच्या पट्ट्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. बटण दाबलं की हायड्रॉलिकने खाली उतरतात. मागे जाणारं पाणी त्यांच्यावर आदळतं आणि बोटीची ती बाजू उचलली जाते. आमच्या १८ इंच बाय ९ इंचांच्या बसवल्या. काम नीट झालं. वेगात असताना बोट सरळ होऊ लागली आणि मला वाटलं, संपलं काम.

जेट्टीला परत आलो, वेग कमी केला, आणि बोट पुन्हा डावीकडे. पट्ट्यांवर आदळायला पाणीच नसेल तर त्या करणार काय? बाबा पाय ठेवणार होते ते उभ्या बोटीत, धावत्या बोटीत नव्हे.

शेजारच्या होडीवर एक वयस्कर नाखवा जाळं नीट करत बसले होते. आमची खटपट ते दोन-तीन रविवार बघत होते. ते म्हणाले, "वजन पोटान पायजे, डोक्याव नाय." छताकडे बोट दाखवलं आणि परत जाळ्यात डोकं घातलं. आमच्या छतावर आधीच्या मालकाने लोखंडी जाळी ठोकून घेतली होती. तिच्यावर एक फुगवायची रबरी होडी, दोरखंड, जादा नांगर असं सगळं रचलेलं होतं. सोय म्हणून आम्हीही ते तसंच ठेवलं होतं.

त्या एका वाक्याने माझ्या डोक्यातला गुंता सुटायला लागला. मी इतके दिवस एकच तक्रार समजत होतो, त्या प्रत्यक्षात तीन होत्या. बोट उभी असताना एका बाजूला कलते, ही एक. धावताना कलते, ही दुसरी. नांगर टाकल्यावर डोलते, ही तिसरी. दिसायला तिन्ही सारख्या, पण कारणं वेगळी आणि औषधंही वेगळी. मी दुसरीचं औषध पहिलीला देऊन बसलो होतो.

मग वजनं करायला घेतली. ट्रेलरसकट बोट तुर्भ्याच्या वजनकाट्यावर चढवली, २२१० किलो. नंतर नुसता ट्रेलर, ५१० किलो. म्हणजे बोट १७०० किलोची. मग बोटीतली हलवता येईल ती प्रत्येक वस्तू बाहेर काढून स्प्रिंगकाट्याला लावली. वहीत तीन रकाने आखले: वस्तू, वजन, आणि बोटीच्या मधल्या रेषेपासून ती किती मीटर बाजूला आहे. वजन आणि अंतर यांचा गुणाकार महत्त्वाचा, नुसतं वजन नव्हे. मधल्या रेषेवर ठेवलेले पन्नास किलो बोटीला कलवत नाहीत. तेच कठड्याजवळ ठेवले तर कलवतात. तराजूची दांडी कुणीही पाहिलेली असते, पण स्वतःच्या बोटीत ती दिसायला मला वही लागली.

दोन बॅटऱ्या, प्रत्येकी २७ किलो, मागे डाव्या कोपऱ्यात, मध्यापासून ०.८ मीटर: ४३. फ्रिज २२ किलो, ०.९ मीटर: २०. शेगडी, भांडी, छोटा सिलिंडर मिळून १८ किलो, ०.९ मीटर: १६. जादा साखळीची पेटी १४ किलो, ०.७ मीटर: १०. सगळं डावीकडे, बेरीज ८९. उजवीकडे काय, तर टॉयलेटचं भांडं आणि पंप, १६ किलो, ०.८ मीटर: १३. म्हणजे डावीकडे ७६ जादा. स्टिअरिंगवर मी बसलो की माझे ७८ किलो मध्यापासून ०.६ मीटरवर, म्हणजे उजवीकडे ४७. त्यामुळे मी बसलेला असताना बोट बरीच सावरलेली दिसायची. मी जेट्टीवर उतरून बाबांना हात द्यायला गेलो, की ती सावरणारी बाजूच नाहीशी व्हायची. आणि बाबा चढत होते डावीकडून, कठड्यावर पाय ठेवून.

वहीतली ही बेरीज वाचली तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. हे सगळं आधी दिसण्यासारखं होतं.

पुढची पायरी ओळंब्याची. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतात तोच. केबिनच्या छताला दोरी बांधली, बरोबर एक मीटर खाली आडवी पट्टी ठेवली आणि तिच्यावर मिलिमीटरची मोजपट्टी चिकटवली. ओळंबा सतत झुलू नये म्हणून त्याचं टोक जुन्या इंजिन ऑइलच्या डब्यात बुडवलं. हे करायला दिवस निवडला अष्टमीचा, भांगाच्या, म्हणजे कमी जोराच्या भरतीचा, कारण अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी इतकं खेचतं की दोर ताणलेलेच राहतात. सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत, भरती पुरी होऊन पाणी थबकतं त्या वीस-पंचवीस मिनिटांत. जेट्टीचे दोर ढिले सोडले. मेहुणा आत, मी बाहेर, दोघांनी हलायचं नाही.

वीस लिटरचे पाण्याने भरलेले चार कॅन, म्हणजे ८० किलो, डाव्या बाजूला ठेवले आणि दोरी कुठे आहे ते लिहिलं. मग चारही कॅन १.४ मीटर उजवीकडे सरकवले. दोरी ५५ मिलिमीटर सरकली. ८० गुणिले १.४, म्हणजे ११२. त्याला १७०० ने भागायचं, आलेल्या आकड्याला ०.०५५ ने भागायचं. उत्तर येतं १.२ मीटर. जहाजबांधणीतले लोक याला मेटासेंट्रिक हाइट म्हणतात. मोठ्या जहाजांची स्थिरता याच पद्धतीने मोजतात, फक्त तिथे कॅनऐवजी टनांची वजनं असतात. हा आकडा जितका मोठा, तितकी बोट थोड्या कलण्याला जास्त जोराने विरोध करते. एक लक्षात ठेवायचं, की हा हिशोब लहान कोनांपुरताच खरा आहे. बोट खूप कलली की गणित बदलतं, म्हणून या आकड्याच्या भरवशावर जास्तीची माणसं भरायची नाहीत.

ट्रेलरवरून नेता येणाऱ्या बोटींची अडचण इथेच आहे. बाकी सगळं सारखं धरलं तर पाण्याच्या पातळीवर बोट जितकी रुंद, त्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात तिला हा आधार मिळतो. रुंदी सव्वापट केली, आठाची दहा फूट केली, तर तो जवळजवळ दुप्पट होतो. पण दहा फुटी बोट ओढत तुर्भ्याहून बेलापूरला कशी आणणार? रस्त्यासाठी बोट अरुंद ठेवावी लागते आणि आत माणूस उभा राहावा म्हणून केबिन उंच. दोन्ही गोष्टी स्थिरतेच्या विरुद्ध. त्यामुळे अशा बोटीत वजन कुठे आहे याला जेवढी किंमत आहे, तेवढी रुंद बोटीत नाही.

छतावरची जाळी कापून काढली. रबरी होडी आणि बाकी सामान तळाशी, मधल्या रेषेजवळ आणलं. पुन्हा ओळंबा लावला, तर ५५ चे ५३ झाले. मेहुण्याचा चेहरा उतरला. एवढ्या खटपटीनंतर दोन मिलिमीटर! मला मात्र ते दोन मिलिमीटर मोलाचे वाटले, कारण मी मोजत असलेली गोष्ट खरी आहे हे त्यातून कळलं.

खरा चोर सापडला तो बाकाखाली. नाळेकडच्या बाकाच्या खाली पिण्याच्या पाण्याची एकच टाकी होती. १.४ मीटर रुंद, अर्धा मीटर लांब, जेमतेम वीतभर उंच, शंभरेक लिटरची. मधल्या रेषेवर बसवलेली, म्हणून वहीत तिच्यासमोर मी शून्य लिहिलं होतं. एका संध्याकाळी केबिनमध्ये एकटा बसलो असताना बाजूने एक मचवा गेला. त्याची लाट आली, बोट डावीकडे गेली, आणि क्षणभराने बाकाखालून आवाज आला. पाणी डावीकडे धावत गेल्याचा. बोट परत फिरायला लागली तेव्हा ते पाणी अजून डावीकडेच होतं. मग तेही फिरलं, उशिरा. मी टाकीवर हात ठेवून पुढच्या पाच-सहा लाटा तशाच जाऊ दिल्या. तळहाताखाली ते पाणी प्रत्येक वेळी कलण्याच्याच बाजूला जात होतं.

टाकी काठोकाठ भरलेली असेल तर पाण्याला हलायला जागा नसते. रिकामी असेल तर प्रश्नच नाही. अर्धवट भरलेली टाकी वाईट, आणि तीही रुंद असेल तर फारच वाईट, कारण इथेही रुंदीचा घनच लागतो. माझ्या टाकीचा हिशोब केला तर ती एकटी १.२ मीटरच्या आकड्यातले सुमारे सात सेंटीमीटर खात होती. छतावरचं सगळं सामान उतरवून मिळालं होतं पाच. तोच टाकीचा भाग मधोमध आडोसा घालून दोन कप्प्यांत विभागला की नुकसान एकचतुर्थांशावर येतं. आम्ही आडोशाऐवजी दोन वेगळ्या अरुंद टाक्या बसवल्या आणि त्यांना जोडणाऱ्या नळीवर कॉक ठेवला. कॉक बंद ठेवायचा, नाहीतर पाणी नळीतून हळूहळू एका बाजूला जाऊन बसतं. अर्ध्या भरलेल्या टाक्यांनी ओळंबा ५१ वर आला. मुख्य म्हणजे ते उशिराने मागे येणं गेलं. लाट गेली की बोट सरळ परत येते आणि थांबते.

बॅटऱ्या हलवणं मला सगळ्यात सोपं वाटलं होतं, कारण वायरिंग हा माझा धंदा आहे. त्या मागच्या कोपऱ्यातून काढून केबिनच्या पायरीखाली, बरोबर मध्यावर आणल्या. पण इंजिनपर्यंतचं अंतर तीन मीटरने वाढलं, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर केबल. स्टार्टर फिरताना दोनशे अँपिअर ओढले असं धरलं, तर ५० स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलमध्ये या वाढीव लांबीत जवळपास अर्धा व्होल्ट पडतो. बारा व्होल्टमधला अर्धा व्होल्ट सोडवत नाही, म्हणून ७० ची टाकली. बॅटरीजवळच फ्यूज बसवला. हे कुणी करणार असेल तर जुनीच केबल जोड देऊन वाढवू नये, एवढं कळकळीने सांगतो. खारी हवा जोडात शिरते.

साखळीची पेटी उजवीकडे नेली. आता वहीत डावीकडे फक्त १३ जादा राहिले, आणि रिकाम्या बोटीत ओळंबा मध्यापासून सहा मिलिमीटर. आधी तो सदतीस असायचा. ते सहा मी मुद्दाम ठेवले नाहीत, पण काढायच्या मागेही लागलो नाही.

कारण धावत्या बोटीचं गणित निराळं. मागून पाहिलं तर आमचा पंखा घड्याळाच्या दिशेने फिरतो, आणि त्याच्या उलट्या झटक्याने बोट डावीकडे दबते. एका इंजिनच्या बऱ्याच बोटींत स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्याचा इथे फायदा होतो; चालवणाऱ्याचं वजन तो दाब तोलून धरतं. मी बसलो की ओळंबा उजवीकडे पंधराएक मिलिमीटर जातो आणि वेग घेतला की बोट सरळ होते. बॅटऱ्या पुढे आल्यामुळे आणखी एक गोष्ट सुधारली. इंजिनाचे पावणेदोनशे किलो, पेट्रोलची टाकी आणि बॅटऱ्या, सगळं मागे असल्याने वेग घेताना नाळ इतकी वर जायची की समोरचं पाणी दिसायचं नाही. ते आता होत नाही.

ट्रिम टॅबचा खरा उपयोग मला जानेवारीत कळला. दुपारनंतर बंदरात पश्चिमेचा वारा सुटतो. उरणच्या दिशेने दक्षिणेला जाताना तो उजव्या बाजूने येतो, आणि बोट कलते तीही उजवीकडे, म्हणजे वाऱ्याच्याच दिशेला. पहिल्यांदा हे मला पटेना. वारा ढकलतोय तर ती डावीकडे जायला हवी. पण वारा नाळेला डावीकडे ढकलतो, मी रस्ता राखायला स्टिअरिंग सतत थोडं उजवीकडे धरतो, आणि अशा निमुळत्या तळाची बोट वळणाच्या आतल्या बाजूला झुकते. सरळ जात असूनही ती न संपणाऱ्या उजव्या वळणातच असते. इथे उजवी पट्टी थोडी उतरवली की बोट उभी राहते. थोडी म्हणजे बटण अर्धा सेकंद दाबायचं, हात काढायचा, बोटीला उत्तर द्यायला वेळ द्यायचा आणि मग पुन्हा. आमच्या बटणांवरची खूण नाळेची आहे, पट्टीची नाही. 'डावी नाळ खाली' दाबलं की उजवीकडची पट्टी उतरते. ट्रेलरवर असतानाच मेहुण्याला मागे उभं करून कोणत्या बटणाने काय हलतं ते मी बघून घेतलं, नाहीतर भर वाऱ्यात उलटं बटण दाबलं असतं.

राहिलं नांगर टाकल्यावरचं डोलणं. खाडीत नांगरावरची बोट वाऱ्यापेक्षा प्रवाहाकडे तोंड करते आणि लाँचच्या लाटा आडव्या येऊन बरगडीत बसतात. दोन उपाय केले. नांगराच्या दोराला पुढे एक दुसरा दोर बांधून तो मागच्या खुंट्याला आणला. तो ओढला की बोट थोडी वळून उभी राहते आणि लाट नाळेवर घेता येते. दुसरा उपाय पाण्यातल्या पाटीचा. दोन फूट बाय दोन फुटांचा चार मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, तीन दोऱ्यांवर टांगलेला, एका कडेला शिशाचं वजन. सहा फूट बाहेर काढलेल्या बांबूवरून तो पाण्यात खोल सोडायचा. बोट त्या बाजूला कलली की तो तिरका होऊन खाली सरकतो. बोट परत उठायला लागली की आडवा होतो आणि पाणी धरून ठेवतो. नाखव्यांना दाखवला तेव्हा ते म्हणाले, उलांडीचाच भाऊ हा. उलांडी, म्हणजे होडी कलू नये म्हणून बाजूला बांधलेलं लाकूड, पाण्यावर तरंगते, हा पाण्याखाली बसतो. निघताना मात्र तो आठवणीने वर घ्यायचा.

एक गोष्ट मी साफ विसरलो होतो, ती पिकअपवाल्याने दाखवली. वजनं पुढे सरकवल्यावर ट्रेलरचा हुकाकडचा भार वाढला होता आणि गाडीचं मागचं टोक बसत होतं. ट्रेलरवरचा, बोट ओढून घ्यायच्या विंचचा खांब मागे घेऊन बोट थोडी मागे बसवली. मागे नेतानाही बेत सांभाळावा लागतो. हुकावर भार फार कमी झाला तर ट्रेलर रस्त्यावर शेपटीसारखा हलतो.

मार्चमध्ये बाबांना पुन्हा विचारलं. ते आधी बांधावर उभे राहून बोटीकडे बघत राहिले. मी मेहुण्याला उजव्या बाजूला बसवलं आणि कठड्याच्या आत, मध्याच्या जवळ एक पायरी ठेवली, म्हणजे बाबांचा पहिला पाय कठड्यावर नको पडायला. त्यांनी पाय ठेवला. बोट थोडी दबली आणि थांबली. मग दुसरा पाय. केबिनच्या दारात येऊन त्यांनी छताला टांगलेला ओळंबा हाताने धरला, सोडला आणि तो कुठे स्थिरावतो ते बघत उभे राहिले. क्रेनवर आयुष्य काढलेल्या माणसाला लोंबती दोरी काय सांगते, हे मी समजावण्याची गरज नव्हती.

घारापुरीला गेलो. जाताना ते डावीकडच्या बाकावर बसले. येताना वारा मागून होता. अटल सेतूच्या खांबांकडे बघत त्यांनी अंतरं विचारली, कुठल्या खांबाजवळ पाणी किती खोल ते विचारलं. बोटीबद्दल काहीच विचारलं नाही.

आता १ जूनच्या आत ती बाहेर काढायची. पावसाळाभर ती तुर्भ्याला असेल. उजव्या टाकीचा एक सांधा पाझरतो, तो काढून बघायचाय. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात सोडली की पुन्हा चार कॅन आणि ओळंबा. परवा वही उघडली तर शेवटच्या ओळीखाली बाबांच्या अक्षरात एक नवी ओळ होती. वस्तूच्या रकान्यात 'मी', वजनाच्या रकान्यात ६६, आणि अंतर ०.७, डावीकडे.